पाकिटावरची देवी

आमच्या कोकिळेनं घरच्या तुरीची डाळ करून विकायची ठरवली, तेव्हा पाकिटावर काय छापायचं यावरून घरात चांगलंच वाजलं. मी म्हणालो, तुरीची शेंग छापा, लोक डाळ घ्यायला येतात. पण माझं ऐकतो कोण! तिला माहेरच्या देवीचाच फोटो हवा होता. देवीला नवस बोलली म्हणून दारात छोटी डाळमिल आली, अशी तिची पक्की समजूत. मिलसाठी बँकेचे खेटे मी घातले, ते गेले वाऱ्यावर. आमचे चिरंजीव अमर आईच्या बाजूनं. म्हणाला, "बाबा, देवी असली का मार्केटिंग आपोआप होते."

झालीही. नेरच्या बाजारात बायका पाकीट आधी कपाळाला लावायच्या, मग पिशवीत टाकायच्या. कोकिळेचे पाय जमिनीवर नव्हते. नवऱ्यानं कधी गप्प बसावं एवढं मला कळतं, मी पाकिटं गाडीवर लादत राहिलो.

पोळा झाला आणि विक्री बसली. नेरचे दुकानदार विठ्ठलराव म्हणाले, "वहिनी, डाळ एक नंबर हाय, पन जुनं गिऱ्हाईक नेऊनच नाई राह्यलं." कोकिळेनं डाळ चावून पाहिली, शिजवून पाहिली. खोट काही सापडेना. मग तिनं एकच धरलं, देवी रुसली. मंगळवारचा उपास होताच, त्यात शुक्रवारची भर पडली. एक दिवस मिलजवळ बसून म्हणाली, "माह्याच हातून काही चुकलं असन. बंद करून टाकतो हे."

मिल बंद पडली तर एक वेळ सोसलं असतं. पण जिच्या भरवशावर ही बाई आजवर उभी राहिली, तिनंच पाठ फिरवली असं मानून ही जगणार कशी? मी म्हणालो, "देवीले इचारून झालं ना? आता गिऱ्हाइकाले इचार."

तिला गाडीवर मागे बसवून बंजाऱ्यांच्या तांड्यावर नेलं, मानीबाईकडे. मानीबाई आमचं पहिलं गिऱ्हाईक. दर बाजाराला डाळ न्यायची, पण पोळ्यापासून फिरकली नव्हती.

घरात शिरलो तर चुलीवर वरण रटरटत होतं. दुसऱ्याच्या डाळीचं! कोकिळेचा चेहरा उतरला. "मानीबाई, माह्या डाळीत काय वाईट हाय? खरं सांगा."

"डाळीत काईच नाई, बाई," मानीबाई ओशाळली आणि आम्हाला देवांच्या फळीपाशी घेऊन गेली. तिच्या देवांच्या मागे, बाजूला, वरच्या फळीवर आमचीच रिकामी पाकिटं होती. धुऊन, पुसून, घडी घालून ठेवलेली.

"आमची नसन, पन देवीच ना? उकिरड्यावर कशी टाकू? चुलीत तरी कशी घालू? आता ठेवाले जागाच नाई. म्हून सुटी डाळ आनतो. तांड्यात समद्याइच्या घरी हेच हाय."

कोकिळा बघतच राहिली. मग हसायला लागली आणि हसता हसता रडली. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू? देवी रुसली बिसली नव्हती. लोकांनी तिचा मान राखला, एवढंच झालं होतं.

कोकिळेनं सगळी पाकिटं पदरात घेतली. "हे मी घरी नेतो. उद्या पिंपात डाळ आनतो. तुमचे डबे काढून ठेवा."

"माह्या सुनेचाबी एक डबा भरा मंग," मानीबाई म्हणाली.

घरी आल्यावर कोकिळेनं पाकिटावरची देवी काढायचं ठरवलं, तसा अमर कुरकुरला, "आई, देवी काढल्यावर आपली डाळ वळखन कोन?"

"शिजली का वळखतेत," कोकिळा म्हणाली.

आता पाकिटावर तुरीची शेंग आहे. ती कल्पना कुणाची होती, हे घरात कुणालाच आठवत नाही. तांड्यावर मात्र पाकीट नाहीच, तिथं डबे भरतात.

त्या पहिल्या फेरीला पिंप गाडीला बांधून मी हाका मारत होतो, तरी कोकिळा येईना. आत डोकावलो. देवीपुढे दिवा लावून ती हात जोडून उभी होती.

"माय, लय फिरवलं तुले," ती म्हणत होती. "तू घरीच बस आता. बजार मी करतो."