एका टेकचा माणूस

"हेमचंद्र दुसरा टेक देत नसतो," हेमचंद्रने फोनवर सांगून टाकलं. कलाकार झाल्यापासून तो स्वतःबद्दल असाच बोलायचा, कुणा थोर माणसाची ओळख करून दिल्यासारखा. फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता. बायकोच्या, सुनेत्राच्याही कानावर पडायला नको?

पलीकडे होता नायमेखनचा योप. सत्तरीचा शांत डच गडी. त्याच्याकडे एक जुनं मशीन होतं. इकडे तुम्ही गायचं, तिकडे सुई सरळ डिस्कवर खाचा कोरत जाणार. गाणं संपलं की रेकॉर्ड तयार, आणि चुकलं असेल तर चूकही तयार. म्हणून योप म्हणत होता, दोन डिस्क जास्तीच्या मागवू, यायला तीन आठवडे लागतात.

"एकच मागव," हेमचंद्र म्हणाला.

"तीन मागव म्हणावं!" बाथरूममधून सुनेत्रा ओरडली. "गणपतीत काय झालं होतं, विसरलास?"

सुनेत्रा बाथरूममध्ये होती कारण वॉशिंग मशीन बाथरूममध्ये होतं. आइंडहोवनच्या त्यांच्या घरात धुण्याची एक चांगली खोली होती. दीड वर्षापूर्वी तिथे 'सोल हेमचंद्र रेकॉर्ड्स'ची स्थापना झाली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर घरातल्या सगळ्या गोधड्या चढल्या आणि मशीन कमोडला खेटून उभं राहिलं. तेव्हापासून कमोडवर तिरकं बसावं लागायचं. मशीन पिळायला लागलं की गुडघ्याला दणके.

तसा हेमचंद्र इंजिनिअर. चिप बनवायच्या कारखान्यात, क्लीनरूममध्ये. तिथे कुणाच्या भुवईचा एक केस पडला तरी हा चार पानी रिपोर्ट लिहायचा. पण एका किंग्स डेला, म्हणजे इथल्या राजाच्या वाढदिवसाला, रस्त्यावरच्या जुन्या बाजारात, मिक्सरचं भांडं बघायला म्हणून गेला आणि सोलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या आर्त गाण्यांच्या, रेकॉर्डचं खोकं घेऊन घरी आला. आठ दिवस ऐकत बसला. नवव्या दिवशी म्हणाला, "असं काळीज पिळवटून मराठीत कुणी गात नाही. मी गाणार. आणि प्रोड्यूसही मीच करणार."

"तुला कसलं रे दुःख?" सुनेत्राने विचारलं.

"तेच शोधतोय."

सोल गायक म्हणून त्याचं पहिलं काम झूटरमेरच्या गणपतीत झालं. मंडळाचे अध्यक्ष अजित यांनी भोळेपणाने माइक हातात दिला. एकेक ओळ आळवत हेमचंद्रने आरती बावीस मिनिटं चालवली. तबक धरून अजित यांचे हात भरून आले, कापूर तीनदा विझला, पोरांनी बसकण मारली. शेवटी कुणीतरी न राहवून मध्येच मंत्रपुष्पांजली सुरू करून टाकली.

"लोक तयार नव्हते," हेमचंद्र गाडीत म्हणाला.

"लोक जेवायला तयार होते," सुनेत्रा म्हणाली.

आणि आता खरी संधी आली होती. ब्रेडाला सोलची एक मोठी मैफल भरते. तिच्या कमिटीवर स्वप्नाली होती, एका लॉजिस्टिक्स कंपनीतली, ओळखीची. तिने कळवलं, "आमचे डच काका फाइल-बिइल ऐकत नाहीत. रेकॉर्ड पाठव. आवडली तर अर्धा तास स्टेज तुझं."

सुनेत्राने तिथल्या तिथे सौदा केला. "ब्रेडाने घेतलं तर खोली कायमची तुझी. नाही घेतलं तर मशीन जागेवर, आणि तू परत ऑफिसच्या पिकनिकपुरता गायक. चालेल?"

हेमचंद्रने हात पुढे केला. 

मुहूर्त पुण्याहून आईने व्हिडिओ कॉलवर काढला. "सोमवार. अकरा सत्तावन्न. आणि मशीनची पूजा केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हेमू."

"आई, मशीन योपचं आहे गं."

"मग? योपच्या मशीनला पूजा टोचते का?"

त्या सोमवारी नवा पांढरा कुडता घालून हेमचंद्र योपच्या दारात हजर झाला. वेळ ऐकून योपने डोकं खाजवलं. "पहिला सोमवार आहे. बाराला भोंगा वाजेल."

महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला अख्ख्या देशात संकटाचा भोंगा वाजवून बघतात, चांगला दीड मिनिट. हेमचंद्रला इथे अकरा वर्षं झाली होती, पण सोमवारी बाराला तो क्लीनरूममध्ये असायचा. तिथे बाहेरचा आवाज येत नाही.

"वेळ बदलता येणार नाही. ग्रहांचं आहे," तो म्हणाला.

"बरं. खिडक्या जाड आहेत. बंद असल्या की झालं."

मग पूजा. नारळ योपने बाहेर पायरीवर फोडू दिला. कुंकवाची पुडी उघडून हेमचंद्रचं बोट मशीनकडे निघालं, तसं योपने त्याचं मनगटच धरलं.

"धूळ!" योप किंचाळला. "सुईजवळ धूळ? आणि तू म्हणे क्लीनरूममध्ये काम करतोस!"

 तडजोड म्हणून कुंकू योपच्या कपाळाला लावलं आणि पुडी घाईघाईने कुडत्याच्या खिशात कोंबली. मग उदबत्ती लावली. छताचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला. योप स्टुलावर चढून अलार्मशी झटला, मग धूर जावा म्हणून त्याने खिडकी उघडली.

"अकरा सत्तावन्न!" हेमचंद्र ओरडला. योप कुंकू लावलेल्या कपाळाने मशीनकडे धावला. सुई खाली आली.

खिडकी उघडीच राहिली.

आता खरं ते सांगायला हवं. तीन मिनिटं हेमचंद्र छान गायला. डोळे मिटले, खांदे सैल पडले, आणि आवाजात कुठूनतरी ते दुःख आलं. "जाऊ नको, थांब" ही शेवटची ओळ होती. "थांब"वर त्याने सूर लांबवला.

आणि बारा वाजले.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण डिस्क एकच होती, टेक एकच होता. हेमचंद्रने भोंग्याच्या वर जायचं ठरवलं. भोंगा चढला, तो चढला. भोंगा श्वास घेत नव्हता, ह्याला घ्यावा लागत होता. दीड मिनिटाने भोंगा थांबला. हेमचंद्र खुर्चीत बसला.

योपने सुई उचलली. "दोघांपैकी एक जण सुरात होता."

"कोण?"

योप खिडकीकडे बघत राहिला.

दुसरी रेकॉर्ड नव्हतीच, म्हणून तीच ब्रेडाला गेली. गुरुवारी संध्याकाळी स्वप्नालीचा फोन आला. हेमचंद्रने फोन स्पीकरवर टाकला नाही. सुनेत्राने टाकला.

"हेमचंद्रदादा, पहिली तीन मिनिटं सगळे खूश होते, शपथ! एक काका तर रडले. मग चौघांनी सवयीने घड्याळं बघितली."

"आणि?"

"आणि विचारायला लागले, भोंग्यावर हा माणूस एवढा का चिडलाय? पण आवाज आवडलाय त्यांना. उद्या यादी जाहीर होतेय. आत्ताच्या आत्ता दुसरा टेक देशील? असेल ना एखादा?"

हेमचंद्रने सुनेत्राकडे बघितलं. सुनेत्रा फोनकडे वाकली.

"नाही गं," ती म्हणाली. "हेमचंद्र दुसरा टेक देत नसतो."

शनिवारी मशीन खोलीत परत आलं. हेमचंद्रने गोधड्या उतरवल्या, स्वतः पाइप जोडला आणि पहिलं धुणंही स्वतःच टाकलं: त्याचा कुडता आणि सुनेत्राचे ऑफिसचे पाच पांढरे शर्ट. कुंकवाची पुडी खिशातच होती. पाचही शर्ट गुलाबी झाले.