सीमेवरचा थांबा

टाचणीचं भोक. टाचणी कुठेच नाही... भिंतीवरच्या नकाशात जिथं शहराचा पिवळा रंग संपतो आणि जिल्ह्याचा हिरवा सुरू होतो, नेमकं त्या रेघेवर, मोहरीएवढंही नाही असं एक भोक. तिचं बोट त्यावर गेलं आणि तिथंच राहिलं.

अकरा नंबरच्या बसचा शेवटचा थांबा. दादाचा थांबा.

शहराची बसथांब्यांची यादी आणि जिल्ह्याची यादी जोडून एक आराखडा करायचा, हे तिचं काम. चार वाजेपर्यंत सही. मग आराखडा वर, मंत्रालयात, आणि पुढची पाच वर्षं त्याला कुणी हात लावणार नाही; त्यात नसलेल्या थांब्यावर बस जाणार नाही.

हा थांबा दोन्ही याद्यांत नव्हता. तिने शहराच्या वाहतूक कार्यालयात फोन लावला. "तो आमच्याकडे नाही बाई, जिल्ह्याकडे," तिथला अभियंता म्हणाला.

जिल्ह्यातली अधिकारी हसली. "अहो, शहराचाच तो. नियम तुमचाच ना? सीमेवरचा थांबा शेजाऱ्याने आपल्या यादीत धरायचा. आम्ही नाही धरला."

नियम तिचाच. आठ वर्षांपूर्वी, एकच थांबा दोन्ही याद्यांत यायचा म्हणून, तिने ती ओळ लिहिली होती – किती सुटसुटीत वाटली होती तेव्हा! – आणि दोघांनीही ती इमानेइतबारे पाळली.

"मग घाला ना आता," ती म्हणाली.

"घालू की. पण दोन्हीकडे नव्याने ठराव लागतील, म्हणजे पुढचं वर्ष. तोवर आराखडा थांबणार, तीनशे नव्या बसगाड्या अडकणार. एका थांब्यापायी?"

दर गुरुवारी दादा अकरा नंबरने येतो. पिशवीत झाडाची चार लिंबं. "बरी आहेस ना?" म्हणतो, उत्तराआधीच मान हलवतो, तासभर खिडकीशी बसतो आणि सहा-दहाच्या बसने परत. वहिनी गेल्यापासून हे असंच. तो माझ्यासाठी येतो, की बस येते म्हणून येतो – मी कधी विचारलं नाही, बस होती तोवर विचारायची गरजच काय होती...

तिने त्याला फोन लावला.

"दादा, अकरा नंबर बंद झाली तर?"

"झाली का?"

"झाली तर, म्हणते."

"मग काय, राहिलं." तो म्हणाला, "तुला तरी कुठे वेळ असतो? ऑफिस आहे तुझं. माणसांत असतेस."

माणसांत. सकाळीच पलीकडच्या टेबलावरचा कारकून म्हणाला होता, "तुमचं बरं आहे बाई, हक्काचा भाऊ आहे. आमच्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही." ऑफिसला वाटतं, हिला भाऊ आहे. भावाला वाटतं, हिला ऑफिस आहे. आणि दोघंही किती निर्धास्त...

"ऐकतेयस ना?"

"हो."

"लिंबं आणू का या गुरुवारी?"

"आण."

पावणेचार. सहीसाठी पेनचं टोपण तिने काढलं होतं की अजून काढायचं होतं, तिला आठवेना. पलीकडे दादाचा श्वास ऐकू येत होता. फोन आधी त्याने ठेवावा म्हणून ती थांबली – आणि तो, बहुधा, तिने ठेवावा म्हणून.