सह-यजमान

कल्पिताने सातव्या कलमावर पट्टी ठेवली आणि लाल पेनाने सरळ रेघ ओढली. रेघ इतकी दाबून ओढली की खालच्या पानावर तिचा वळ उमटला.

"हे चालणार नाही," ती वकीलबाईंना म्हणाली. "मालक वाटेल तेव्हा चावी लावून आत येणार आणि आत गेस्ट झोपलेला असणार. मग शिव्या कोण खाणार? मी."

"मालक आहे तर मालक येणार," टेबलाच्या दुसऱ्या बाजूने मितेश म्हणाला. तोही वकीलबाईंकडेच बघत होता. "मॅडम, त्यांना विचारा, घर कोणाचं आहे."

"त्यांना सांगा, घर कोणाचं आहे ते मला पाठ आहे."

प्राची सबनीस यांनी चष्मा काढून पुसला. खोपटच्या एसटी डेपोसमोर दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं, आणि खिडकी लावून घेतली तरी सुटणाऱ्या गाड्यांच्या घोषणा आत येत. पाऊण तासात सहा कलमं झाली होती. समोर बसलेले दोघं सख्खे बहीणभाऊ होते, आणि त्या पाऊण तासात एकमेकांशी थेट एक शब्दही बोलले नव्हते.

शीळफाट्याजवळच्या त्यांच्या शेतावर बिल्डरने सात मजली इमारत उभी केली, तेव्हा जमिनीच्या बदल्यात मितेशला फ्लॅट मिळाले होते. दुसऱ्या मजल्यावर तो बायकोमुलांसह राहत होता. तिसऱ्यावरचे दोन त्याने दोनचार दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि वर्षभरात त्याचा पुरता विचका झाला. एका ग्रुपने रात्रभर डीजे लावला, सोसायटीने नोटीस काढली, कोणाच्या तरी उशीखाली आधीच्या पाहुण्याचे मोजे निघाले. बुकिंगच्या अ‍ॅपवर त्या मोज्यांचे फोटोच लोकांनी टाकले.

कल्पिता डोंबिवलीत राहायची. घोडबंदर ते कल्याण अशी दुसऱ्यांची अकरा घरं ती चालवत होती. पाहुण्यांशी बोलणं, चाव्या, चादरी, साफसफाई, तक्रारी, सगळं. तिच्या घरांना कोणी वाईट लिहीत नसे. मितेशचा निरोप तिच्या नवऱ्यामार्फत आला, तेव्हा तिने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी कळवलं, काम करीन, पण करारावर आणि वकिलासमोर. का हो म्हटलं, हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्या इमारतीच्या कुठल्यातरी कागदावर आपलं नाव असावं, एवढंच तिला हवं होतं.

"आठवं कलम," प्राचीबाई म्हणाल्या. "जाहिरातीत आणि पत्रव्यवहारात दुसऱ्या पक्षाचा उल्लेख 'सह-यजमान' असा केला जाईल."

"यजमान कशाला?" मितेश हसला. "चादरी बदलायच्या, चाव्या द्यायच्या. केअरटेकर लिहा."

"केअरटेकर वर्षभर होता ना तुमच्याकडे," कल्पिता वकीलबाईंना म्हणाली. "मोजे काढायला त्याला जमलं नाही."

मितेशच्या मानेवरची शीर ताठ झाली. प्राचीबाईंनी 'सह-यजमान' हा शब्द राहू दिला.

नवव्या कलमावर पुन्हा अडलं. कामासाठी सह-यजमान स्वतः येईल किंवा तिने नेमलेली व्यक्ती येईल, असं कल्पिताने लिहून घेतलं होतं. "माझ्या कामाच्या मुली येतील," ती म्हणाली. "मी त्या बिल्डिंगमध्ये पाय ठेवणार नाही. वास्तुशांतीला ठेवलेला, तेवढा बस झाला."

त्या वास्तुशांतीला सहा वर्षं झाली होती. दारावरच्या पाटीवर एकट्या मितेशचं नाव बघून कल्पिता भर पंगतीत त्याला म्हणाली होती, की बहिणीच्या सहीवर उभं केलेलं घर आहे हे, नीट झोप लागते का बघ. लोक हातातला घास हातात ठेवून बघत राहिले होते. मितेशने मान वर केली नव्हती. त्याच्या मान खाली घालण्याचा अर्थ तिने तेव्हाच कबुली असा लावून टाकला होता.

सही अठरा वर्षांपूर्वीची. वडील सहदेव गेल्याला वर्ष झालं होतं आणि तिचं लग्न ठरलं होतं. बाबुराव काका तिला कल्याणला रजिस्ट्रारकडे घेऊन गेले आणि तिने हक्कसोडपत्रावर सही केली. शेतात, घरात, कशातही आपला हिस्सा नाही. वीस वर्षांचा मितेश बाहेर मोटारसायकलवर बसून होता, आतसुद्धा आला नाही. घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात रडत होती. आईचं काही चाललं नाही, असं कल्पिता त्यानंतर सगळ्यांना सांगत आली होती. आईला ती रोज संध्याकाळी न चुकता फोन करी. बोलणं गुडघ्यांवर होई, भाजीवर होई. मितेशवर कधी नाही.

दहावं कलम विनातक्रार झालं. अकरावं वाचताना प्राचीबाईंचा आवाज आपोआप खाली आला.

"सदर करारामुळे सह-यजमानास मिळकतीत कोणत्याही प्रकारचा हक्क, हिस्सा वा हितसंबंध प्राप्त होणार नाही."

"हे माझ्याकडून एकदा लिहून घेतलेलं आहे," कल्पिता म्हणाली. "शिक्क्यानिशी आहे. झेरॉक्स देऊ?"

"हे नेहमीचंच कलम असतं हो. सगळ्याच करारांत घालतो आम्ही."

"घाला. पोट भरेपर्यंत घाला."

मितेशने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला, पुन्हा सुलटा केला.

कल्पिताने शेवटचं पान ओढून घेतलं. त्यावर मिळकतींची यादी होती. तीनशे एक. तीनशे दोन. तिचं बोट तिसऱ्या ओळीवर आलं आणि तिथेच थांबलं. तीनशे तीन.

तीनशे तीनमध्ये तिची आई राहत होती.

कल्पिताने मान वर केली. या वेळी ती वकीलबाईंकडे वळली नाही.

"आईला कुठे टाकणार आहेस?"

मितेशने खांदे उडवले. "टाकणार काय? सामान आहे का ती?"

"दोन बोलला होतास. हा तिसरा कुठून आला? म्हातारीच्या घरात लोक झोपवणार, आणि त्या चादरी मी धुवायच्या? माझ्याच हाताने तिला बाहेर काढायला बोलावलंस मला?"

"आवाज खाली कर. तिचा फ्लॅट तिच्या नावावर आहे. तिला काय करायचंय ते तिला विचार. येतेय ती."

"तू भरवलं असशील तेच बोलणार ती. अठरा वर्षांपूर्वी तिचं चाललं नाही, आज काय चालणार आहे?"

"ताई, पुरे," मितेश म्हणाला. सहा वर्षांत तिला मारलेली ती पहिली हाक होती, आणि तीही दातओठ खाऊन. "एकदा बोललीस, दहादा बोललीस. पुरे आता."

"का? झोंबलं?"

प्राचीबाई उठून पाणी आणायला गेल्या. त्या पाण्याचा जग घेऊन परत येतात तोवर दारात शेवंतीबाई उभ्या होत्या. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, धाप लागलेली. मितेश उठून पुढे झाला, त्याने पिशवी घेतली आणि आपली खुर्ची तिला दिली. कल्पिता जागेवरून हलली नाही.

"जिना लय उभा हाय गो बाय," शेवंतीबाई प्राचीबाईंना म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "बारीक झालीस."

"आई, तुझा फ्लॅट यादीत घातलाय ह्याने."

"म्या सांगलं घालाया."

"का?"

शेवंतीबाईंनी पदराने मान पुसली. पाणी प्यायल्या. घाई अशी त्यांना कशाचीच दिसत नव्हती.

"मी एकटी काय करू त्या तीन खोल्यांत? मी खालती मितेशकडं जातंय. पोरांशी." पेला त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता. "त्याच्या घरात तुज्या कामवाल्या पोरी येतील, तू नाय यायची. मना म्हायती हाय. माजं घर चालवाया तरी तू सोता येशील का नाय?"

कल्पिताने कागदावरची नजर काढली नाही. "हे फोनवर बोलली असतीस."

"मितेशचं नाव काडलं का तू फोन ठेवतस."

खाली भिवंडीची गाडी लागल्याची घोषणा झाली. प्राचीबाईंनी शाईचा पॅड पुढे सरकवला, तसा शेवंतीबाईंनी तो परत ढकलला. "सही येते मना. पन आदी वाचून दाखव. सगलं. मागच्या टायमाला मी काय वाचलं नव्हतं."

प्राचीबाईंनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. शेवंतीबाई डोळे मिटून ऐकत होत्या; मधेच बोट वर करत आणि एखादा शब्द पुन्हा विचारत. 'यजमान' त्यांना आवडला, त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला. मितेश भिंतीला टेकून उभा होता. कल्पिता लाल पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

"अकरावं. सह-यजमानास मिळकतीत कोणत्याही प्रकारचा हक्क, हिस्सा..."

"यो काढ."

"आजी, ते नेहमीचं..."

"काढ बोलली ना. यो एकदा मी लिवून घेतलाय तिच्याकडशी. परत परत कशाला?"

प्राचीबाईंचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तसंच राहिलं.

"तू नाही, आई," कल्पिता म्हणाली. लहान मुलाची चूक दुरुस्त करावी तसा तिचा आवाज होता. "काकांनी घेतलं. ह्याच्यासाठी."

"बाबुराव भावजी निसते घेऊन गेले. सांगलं मी."

"आई, गप ना," मितेश भिंतीजवळून म्हणाला.

"किती वरसं गप रहू?" शेवंतीबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "माज्या बहिनीच्या सासरच्यांनी माज्या बापाची जमीन कोरटात नेली. सोला वरसं. बहीन मेली तं भाव मयताला गेला नाय. तुजं सासर कसं निघंल, मना काय म्हायती? मी बोलली, लग्नाच्या आदी लिवून घ्या."

"तू रडत होतीस."

"रडत व्हती. रडत रडतच सांगलं." त्यांनी पेला टेबलावर ठेवला. "यो नको बोलत व्हता. ताईचं नाव रहू दे बोलत व्हता. मी कानफटात मारली त्याच्या. म्हनून तो आत आला नाय, भायेरच बसला."

कल्पिताने मितेशकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर डेपोच्या पत्र्याकडे बघत होता. कान लाल झाले होते, आत्ताच कोणीतरी मारल्यासारखे.

"वास्तुशांतीला मी ह्याला बोलले," कल्पिता हळूच म्हणाली. "दीडशे माणसांसमोर. तू तिथे होतीस."

"व्हती. भात वाढत व्हती."

"आणि गप्प बसलीस."

"बसली." शेवंतीबाईंनी पहिल्यांदा मान खाली घातली. "त्याला तू सोडलंस, पन मना रोज फोन करायचीस. खरं सांगलं असतं तं मना कोन ऱ्हायलं असतं?"

हे त्यांनी माफी मागितल्यासारखं म्हटलं नाही. बाजारात भाव सांगावा तसं म्हटलं.

कल्पिताने टोपण पेनावर बसवायचा प्रयत्न केला. ते बसेना. तिने पेन आणि टोपण दोन्ही टेबलावर वेगवेगळे ठेवून दिले. आईला काहीतरी बोलावं, असं लागेल असं, जन्मभर लागून राहील असं, म्हणून ती शब्द शोधत होती. आयुष्यभर भावासाठी जमवलेले शब्द तिच्यापाशी भरपूर होते. त्यातला एकही इथे बसत नव्हता.

"तू का नाही बोललास?" शेवटी तिने मितेशला विचारलं.

"काय बोलू? माझी आई आहे ती."

"माझी पण आहे."

"म्हणूनच ना."

प्राचीबाईंनी मधल्या वेळात अकराव्या कलमाभोवती पेन्सिलने चौकोन काढून ठेवला होता. काढायचं की ठेवायचं, हे कोणी सांगेल म्हणून त्या थांबल्या होत्या.

"आज सही नको," कल्पिता म्हणाली. कागद तिने नीट एकावर एक लावले. "सगळं परत टाइप करायला लागेल. आणि सातवं..." ती थांबली. मग भावाकडे वळून म्हणाली, "यायच्या आधी फोन करायचास. तेवढं केलंस तर बाकी काही नाही माझं."

"मेसेज केला तर?"

"चालेल."

"मेसेज बघतेस का माझा?"

कल्पिताने पर्स खांद्याला लावली आणि आईला म्हणाली, "उद्या अकराला येते. फोटो काढायला लागतील. त्याच्या आधी भांडी, देव, काही हलवू नकोस. काय ठेवायचं ते मी ठरवणार."

"बरं," शेवंतीबाई म्हणाल्या.

"आणि जेवायला करू नकोस काही. मी जेवणार नाही तुझ्याकडे."

"बरं."

मितेश वकीलबाईंशी पुढची तारीख ठरवत मागे राहिला. शेवंतीबाई पिशवी घेऊन निघाल्या. जिना खरंच उभा होता, आणि त्याचा कठडाच कोणीतरी काढून नेला होता. कल्पिता त्यांच्यापुढून उतरायला लागली. तिने मागे हात केला नाही, वळून बघितलं नाही.

तिसऱ्या पायरीवर आईचा हात तिच्या खांद्यावर येऊन पडला. खांदा ताठ झाला. हात तिथेच राहिला. त्याला दुसरं काही धरायला नव्हतंच.

कल्पिता पुढच्या पायरीवर उतरली आणि थांबली. मागच्या पायरीवर चपलेचा आवाज झाला. एक, मग दुसरी. दोन्ही टेकल्याचं ऐकू आलं, तेव्हा तिने पुढचं पाऊल टाकलं.