काकडीच्या पानातलं अतिक्रमण

आमच्या ह्यांना काही समजावायला गेलं की असं होतं. चिखलोलीत टॉवरच्या मागे आमचा काकडीचा एक वाफा उरलाय. टॉवरच्या जागी आधी ह्यांची पाटी होती, 'ही जागा बाळा गायकर यांच्या मालकीची आहे.' बिल्डरने ती उपटली आणि टॉवर ठोकला. केस अजून चालू आहे.

यंदा वेलांवर व्हायरस आला, पानांवर पिवळे चट्टे पडले. आमची जिज्ञासा एमएस्सीला आहे, तिने तीच पानं प्रोजेक्टला घेतली. जेवताना बापाला सांगत बसली, की व्हायरसच्या नकला काढणारी प्रोटीनं पेशीत कुठेही बसत नाहीत. पेशीच्या मधोमध पाण्याची पिशवी असते, तिच्या पडद्याला चिकटून कारखाना टाकतात.

"कोनाला विचारून?" हे म्हणाले.

सकाळी बघते तर प्रत्येक वेलाला आइस्क्रीमच्या काडीवर पाटी. 'या पेशी बाळा गायकर यांच्या मालकीच्या आहेत. पडद्यालगत बांधकाम करू नये.' मी कपाळावर हात मारला.

आठवड्याने जिज्ञासा लॅबमधून रडत आली. चमकणारा रंग लावून नवीन पान मायक्रोस्कोपखाली धरलं, तर पडदा मोकळा. गेल्या महिन्यात तिथेच असलेली प्रोटीनं पेशीत उगाच भटकतायत, कामधंदा बंद. मॅडम म्हणाल्या, पडद्यावर दाखव, नाहीतर वर्ष गेलं. आणि इकडे वेलांना हिरवीगार पानं फुटलेली. हे तर गल्लीभर सांगत सुटलेले.

मी सरळ बोलले, "पाट्या काढा. पोरीचं वर्ष जाईल."

"वेल मरतील."

"मरू देत."

दोन दिवस हे वाफ्यावरच बसून राहिले. मग स्वतःच सगळ्या पाट्या उपटल्या आणि वाफ्याच्या तोंडाशी एकच नवी लावली. 'काम करू द्यावे. परवानगी आहे.' खाली सही.

जिज्ञासा पास झाली. पेढे आणले, फोटोही आणला. काळ्या पेशीत पिशवीच्या कडेला हिरवे ठिपके, सगळे आपापल्या जागेवर. वाफ्यात तोवर वेलांच्या नुसत्या वाळक्या दोऱ्या उरल्या होत्या.

हे तो फोटो डोळ्यांजवळ धरून बघत बसले. मला वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय. पेढा पुढे केला तर घेतला नाही.

"माझी पाटी वाचनारा जन्मात एवढाच एक भेटला व्हता," हे म्हणाले. "त्यालाच मी परत आत घेतला."