मनीषाचं शून्य

मला आकड्यांचा भारी गर्व, आधीच सांगून टाकते. पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांकडून कसं शिकतात, हे मोजायचं माझं संशोधन. वाटूरच्या एका शाळेतल्या दहावीच्या एकतीस पोरांचा ग्रुप घेतला होता. कोणी किती प्रश्न विचारले, कोणी उत्तरं दिली, कोणाच्या उत्तरावरून बोलणं वाढलं, सगळं मी तक्त्यात भरायची.

दुपारी मस्तगडातल्या आमच्या माडीवर हेडफोन लावून पडायचं आणि पोरांचे बोललेले मेसेज ऐकत राहायचं. कोणी प्रमेय म्हणतंय, कोणाच्या मागं विहिरीवरची मोटार चालू, कोणाची आई ‘जेवून घे गं’ म्हणून ओरडतेय. ऐकता ऐकता डोळा लागायचा. मंग झोपेत ते एकतीसजण एका लांबलचक पांदीनं चालायचे, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या हाती देत, आणि मीसुद्धा त्यांच्यातच. पाय जमिनीला लागायचे नाहीत. इतकं गोड वाटायचं, काय सांगू!

तक्त्यात पहिली वर्षाराणी. शेवटची मनीषा. चार महिन्यांत शून्य. ना प्रश्न, ना उत्तर, ना साधा अंगठा. नंबर तिच्या वडलांचा, धुळाजींचा. मेंढपाळ माणूस, दिवाळीपासून मेंढरं आणि बिऱ्हाड घेऊन रानात, आणि पोरगी त्यांच्यासोबत. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “जी बोलतच नाही ती शिकते कुठं? काढून टाक. सरासरी बिघडते.” मलाही पटलं, मेलं! ग्रुपची अ‍ॅडमिन मीही होते; एका मंगळवारी मी तिला ग्रुपमधून काढलं. एक बोट लावलं, झालं.

त्याच आठवड्यात वर्षाराणीची उत्तरं बिलकुल बंद झाली. तिच्यामागं सगळा ग्रुपच मंदावला. मी फोन केला, “बरं नाही का गं?”

“मी ठणठणीत हाय,” ती फणकारली. “ते उत्तरं माझे कधी होते मॅडम? मनी मला एकटीला बोलून पाठवायची, मी लिहून टाकायचे.”

“मग ती स्वतः का टाकत नव्हती?”

“टाकलं होतं एकदा, आषाढात, तुम्ही यायच्या आधी. तिच्या आवाजामागं मेंढरं ओरडले. पोरं आठ दिवस तिला बें बें करून हसले. आन् आता तुम्ही काढलं. ती समजली, शाळेनंच नाव कापलं. दहावीला बसायचं न्हाई म्हणते.”

अगं बाई, मी चार महिने मोजत काय होते?

दुसऱ्या दिवशी वाटूर गाठलं. वर्षाराणी मला रानात घेऊन गेली. उन्हं कलली होती. मेंढरांच्या खुरांनी उडालेली धूळ खाली बसायचं विसरूनच गेली होती. जोंधळ्याची पानं सळसळायची आणि मला कळेना, मी जागी आहे का माडीवरच झोपलेय. एका मोकळ्या वावरात धुळाजी मेंढरांभोवती वाघरीचं जाळं बांधत होते.

“या ताई,” ते म्हणाले. “रेंज निस्ती त्या टेकडीवर. पोरगी रोज वर जायची, समदे आवाज भरून आणायची, मंग हितं वाघरीपाशी लावायची. आमी बी ऐकायचो. मला बी आता त्रिकोणाचा कर्ण कोणता ते बराबर समजतं! आठ दिवस झाले, फोन मुका हाय. आमी शाळंत येत न्हाई म्हून नाव कापलं का?”

मी मनीषाकडं वळले.

ती कोकराला पाजत बसली होती. मी तिच्यासमोर मातीतच बसले. “शाळेनं नाही गं, मी काढलं. माझंच चुकलं. आता ती सगळी उत्तरं तुझ्या नावावर करते. तक्त्यात पहिली तूच.”

ती दचकली. “नको मॅडम! वर्षी लिहिताना मला उलटे प्रश्न इचारते. तवाच मला खरं समजतं. तिचे तिलाच राहू द्या. माझं शून्य राहू द्या. फक्त नाव कापू नका.”

मला रडू फुटलं. सर, सरासरी, सगळं गेलं खड्ड्यात. “न्हाई कापणार,” मी म्हणाले.

आम्ही तिघी टेकडीवर चढलो. मी तिला परत ग्रुपमध्ये घेतलं. तिनं फोन कानाशी धरला, जल्दी जल्दी बोट फिरवलं, पुन्हा कानाशी धरला. काहीच वाजेना. ग्रुपबाहेर होती तेव्हाचं बोलणं परत येत नसतं.

“मधले आठ दिवस कुठं गेले, मॅडम?” तिनं विचारलं.

तिचा मला विचारलेला हा पहिला प्रश्न.