सोनं घोटणारा दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. कुत्र्याचा. हसून घ्या एकदाचं, म्हणजे मला पुढे बोलता येईल. ज्या मठात माझं आयुष्य गेलं, तिथे नवी आलेली प्रत्येक सिस्टर मला पाहून नाक मुरडते आणि लगेच मीच चमकवलेल्या सोन्याच्या अक्षरावर वाकून "काय बाई सुंदर" म्हणते. हल्ली तर मला शिवणाच्या टोपलीत टाकलंय. ज्यानं स्तोत्रांची सोनेरी अक्षरं घोटली, त्यानं आता झग्यांच्या शिवणी दाबायच्या. बोला, काय बोलणार!

मी मूळचा ग्रिमचा सुळा. ग्रिम म्हणजे मठाच्या पाणचक्कीवरचा राखणदार कुत्रा. म्हातारपणी एका दुपारी तो उन्हात झोपला तो उठलाच नाही. त्याला पुरायच्या आधी सिस्टर लुकार्डिसनं चक्कीवाल्याकडून मला मागून घेतलं, राखेनं घासलं आणि पेअरच्या लाकडाच्या मुठीत पितळी कडं घालून बसवलं. ती मठाच्या लिहिण्याच्या खोलीत सोनं आणि रंग करायची. तिच्यासारखा हलका हात मी पुन्हा पाहिला नाही. सिंह मात्र तिनं जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे तिचे सगळे सिंह आमच्या स्वयंपाकघरातल्या बोक्यासारखे दिसायचे.

आता माझं काम ऐका, कारण लोकांना वाटतं सोनं आपोआप चमकतं. वासराच्या कमावलेल्या कातडीचं पान असतं. त्यावर आधी शाईनं मजकूर लिहायचा. मग मोठ्या अक्षराच्या जागी खडीची पूड, सरस आणि थोडा मध कालवून जाड थर द्यायचा. तो वाळला की पोकळ बोरूतून त्यावर तोंडाची गरम वाफ सोडायची. त्या ओलीनं थर चिकट होतो. तेवढ्यात सोन्याचा वर्ख ठेवायचा, रेशमाच्या तुकड्यानं दाबायचा आणि मग मला घेऊन घोट घोट घोटायचं. रंग सगळ्यांत शेवटी. तरी कुणीतरी दीडशहाणी आधी निळा रंग भरते, मी घोटायला गेलो की रंग फासला जातो, आणि बोल मला. दात खरखरीत आहे म्हणे!

पण ते काहीच नाही. खरा वैताग मला आला तो एका वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात.

बिशपनं नव्या वेदीसाठी आमच्याकडून स्तोत्रांचं पुस्तक मागवलं होतं. पहिल्या स्तोत्राचं पहिलं अक्षर पानभर सोन्यात हवं होतं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी बिशपनं पाठवलेले फादर वेझेलो पान पाहायला येणार होते. पान तयार नसेल तर पुढची सगळी पुस्तकं नदीपलीकडच्या मठातल्या भावांकडे, म्हणजे पुरुष संन्याशांकडे, जाणार आणि आमच्या लिहिण्याच्या खोलीत माग बसवून सगळ्यांना विणायला लावणार, असं मठाच्या मदर इर्मेनगार्ड यांनी स्पष्ट सांगितलं. लुकार्डिसला दुसरं काही येत नव्हतं. ती खोली गेली असती तर ती जगली असती, पण कशी ते विचारू नका.

मग या बाईनं काय करावं? लेंटमध्ये आमच्याकडे दिवसातून एकदाच, संध्याकाळी जेवतात. पाणी प्यायला मनाई नसते. लुकार्डिसनं मात्र व्रत धरलं, की अक्षर पूर्ण होईपर्यंत दिवसभर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. चक्क निर्जळी. आणि काम कधी? दिवसाच, कारण पुस्तकांच्या खोलीत दिवा नेऊ देत नाहीत.

पहिल्या दिवशी तिनं बोरूतून वाफ सोडली, वर्ख ठेवला, दाबला. वर्ख उचलून आला. पुन्हा केलं, पुन्हा आला. तिसऱ्यांदा मी जरा घासला गेलो तोच सोन्याचा भुगा तिच्या बाहीवर. अहो, वाफेला ओल कुठून येणार? तोंडात कोरड पडलेली, ओठ फाटलेले. मला दिसत होतं, पण दाताला तोंड असून उपयोग काय, ते दुसऱ्याचं असतं.

लुकार्डिसनं मात्र निष्कर्ष काढला तो असा. "माझ्या मनात कुठेतरी गर्व आहे," ती पानाकडे पाहत पुटपुटली. "म्हणून सोनं मला नाकारतंय."

आणि तिनं संध्याकाळचं पाणीही अर्धं केलं! मी कपाळाला हात लावला असता, पण दोन्हींपैकी माझ्याकडे काहीच नाही. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. सोनं चिकटेना म्हणून उपास वाढवायचा, उपास वाढला म्हणून सोनं चिकटेना. रोज हेच. खाली ठेवताना एकदा मला तिनं पाडलंसुद्धा.

शेवटी रविवार अगदी तोंडावर आला. त्या दुपारी सिस्टर गेपा आत आली. पुस्तकाचा सगळा मजकूर तिनंच लिहिला होता. तिला पोटाचा त्रास, म्हणून मदरच्या परवानगीनं ती दुपारी जेवायची आणि त्या परवानगीचा अगदी मन लावून उपयोग करायची. वाटाण्याचं गरमागरम कढण पिऊन ती आली आणि पानावर वाकली.

"अजून कोरंच?" म्हणत तिनं मोठा सुस्कारा सोडला. "ताई, परवा फादर येणार ना गं?"

त्या सुस्काऱ्यानं वर्खाचा एक तुकडा उडाला, अक्षराच्या कडेला पडला आणि तिथेच चिकटला. लुकार्डिसनं बोट लावून पाहिलं. हलेना.

आता तरी समजेल, म्हणून मी जीव मुठीत धरून पाहत होतो. तर लुकार्डिस गुडघ्यांवरच बसली.

"गेपा, तू पुण्यवान आहेस. तुझ्या श्वासाला ते वश होतंय."

"मी?" गेपा म्हणाली. "ताई, पहाटेच्या प्रार्थनेत घोरत कोण होतं? मदरनी कोपरानं ढोसलं मला." मग तिनं लुकार्डिसच्या चेहऱ्याकडे जरा नीट पाहिलं. "इकडे बघ. जीभ काढ बाहेर."

"गप्प बस."

"काढ म्हणते ना." लुकार्डिसनं जीभ काढली. गेपानं तिला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "लाकूड झालंय हे. पाणी कधी प्यायलीस?"

"माझं व्रत आहे."

"अगं बाई माझे, सोन्याला व्रत कळत नाही. ओल कळते."

"व्रत मोडून केलेलं काम वेदीवर ठेवायचं? मग विणायलाच बसू दे मला," लुकार्डिस म्हणाली, आणि तिला रडू आलं. रडण्यातही पाणी नव्हतं फारसं.

गेपा उठली ती थेट मदरना घेऊन आली. हातात कढणाचा वाडगा. मदर इर्मेनगार्ड कमी बोलणाऱ्या. त्यांनी कोरं अक्षर पाहिलं, भुगा पाहिला, लुकार्डिसचे ओठ पाहिले.

"व्रत मला विचारून घेतलं होतंस?"

"नाही, मदर."

"मग माझ्या परवानगीवाचून घेतलेलं ते व्रतच नव्हे. पी."

लुकार्डिस प्यायली. आधी घाबरत, मग घटाघटा. गेपानं दुसरा वाडगा आणला तोही संपवला. थोडा वेळ भिंतीला टेकून बसली, मग उठून तिनं बोरू तोंडात धरला. वर्ख असा बसला, जणू तिथेच जन्मला होता. आणि मग तिनं मला उचललं. मित्रांनो, त्या दुपारी मी घोटलं ते सोनं मला आजही आठवतं. अक्षरात तिचा चेहरा दिसेपर्यंत ती थांबली नाही. मी सुखानं पार गुळगुळीत झालो.

रविवारी फादर वेझेलो आले. पान खिडकीशी नेऊन त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. "ही खोली तुमचीच राहील," ते मदरना म्हणाले. "पुढची पुस्तकंही इथेच." इथे थांबायचं ना? पण नाही. ते लुकार्डिसच्या सुकलेल्या गालांकडे वळले. "कठोर उपासाशिवाय असं सोनं चमकत नाही. पलीकडच्या भावांचं सोनं सारखं गळतंय. त्यांना सांगतो, या सिस्टरसारखं राहा."

मदर जमिनीकडे पाहू लागल्या. गेपानं लुकार्डिसच्या बाहीला हळूच चिमटा काढला. खोली मिळाली होती, आता तोंड मिटून उभं राहिलं की झालं.

"फादर, त्यांना तसं सांगू नका," लुकार्डिस म्हणाली. "उपासानं सगळं बिघडलं होतं. मी कढण प्यायले, दोन वाडगे, तेव्हा कुठे चिकटलं."

मी तर म्हटलं, गेली खोली. फादर वेझेलोंनी तिच्याकडे एकटक पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"किती ही नम्रता," ते म्हणाले. "स्वतःचा उपाससुद्धा लपवतेय." आणि घोड्यावर बसून भावांना निर्जळी राहायला सांगायला निघून गेले.

आता या माणसांपुढे कुणी डोकं आपटायचं? मित्रांनो, एवढं तरी लक्षात ठेवा. कुणाचं काम अडलेलं दिसलं, की त्याला उपदेश करायच्या आधी, त्याच्या मनात काय खोट आहे ते शोधायच्या आधी, त्याला विचारा, काही खाल्लंस का, पाणी प्यायलास का. चांगली हत्यारं पुसून ठेवतात ना, तसं हत्यार धरणाऱ्या माणसालाही जपावं लागतं. हे कळायला कुत्र्याचा दात असावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी लुकार्डिसनं गेपाला स्वयंपाकघरात पाठवलं. दोघींनी मिळून कढणाचं मोठं मडकं फडक्यात बांधलं आणि नावाड्याला दिलं. "पलीकडे जा," लुकार्डिस त्याला म्हणाली, "आणि जो भाऊ सोनं लावतो, त्याच्याच हातात दे. म्हणावं, आधी पी, मग वाफ सोड."

संध्याकाळी नाव परत आली. मडकं चाटूनपुसून रिकामं होतं, आणि त्याच्या कडेला कुणाच्या तरी बोटाचा ठसा होता, सोन्याचा.