अर्ध्या ढिगावर

रंभाबाईला नागपुरात कुठंही जायचं असलं की ती आधी एस.टी. स्टँडवर जायची. नरखेडहून आली तेव्हा उतरली ती तिथं, आणि शहरातल्या सगळ्या वाटा तिला तिथूनच ठाऊक झाल्या. धंतोलीतल्या ऑफिसातून बर्डीचा बाजार हाकेच्या अंतरावर. तरी ही बाई उलट्या अंगानं स्टँड गाठणार आणि मग तिथून बर्डीला वळणार. अक्षरांचंही तेच. नवरा गेल्यावर, तिशी ओलांडल्यावर, ती प्रौढवर्गात बसून वाचायला शिकली होती. संत्रा बागायतदारांच्या संघात आता ती आवक-जावक सांभाळायची, पण रजिस्टरात मोवाड गावाचं पान काढायचं तर अजूनही ओठांतल्या ओठांत प, फ, ब, भ करत म पर्यंत चालत यावं लागायचं.

म्हणून दिवाळीनंतर ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा सगळ्यांत आधी झोप उडाली ती तिची.

संघाचे व्यवस्थापक मुकुंदराव यांनी एकदाच सांगून टाकलं होतं. मृगाची संत्री निघू लागली की पत्रं, परिपत्रकं, सगळं मशीनवर. ज्याला महिनाअखेरपर्यंत जमणार नाही त्याची बदली नरखेडच्या शेडवर. बाकीच्यांना नरखेड म्हणजे लांबचं गाव. रंभाबाईला ते लांबचं नव्हतं, तेच तर दुखणं होतं. त्या शेडमध्ये कितीतरी हंगाम भाताच्या तणसात बसून तिनं संत्र्यांची प्रतवारी केली होती, आणि मजुरीच्या दिवशी मुकादम “अंगठेवाल्या इकडं या” म्हणायचा तेव्हा मान खाली घालून उठली होती. मुकादम अजून तोच होता. त्याच दारातून तिला पुन्हा आत जायचं नव्हतं.

शिकवायला उत्तरा होती. गेल्याच वर्षी नोकरीला लागलेली चटपटीत पोरगी, कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली. तिनं क्रम सांगितला. बटण दाबायचं. हिरवी अक्षरं येईस्तोवर थांबायचं. पहिली फ्लॉपी काढून दुसरी घालायची, खिटी लावायची, प्रोग्रॅमचं नाव टाइप करायचं, नवं पान उघडायचं, लिहायचं. आणि लिहिता लिहिता मधून मधून दोन कळा एकदम दाबून सेव्ह करायचं. सेव्ह म्हणजे ठेवून देणं. नाही ठेवलं तर लाइट जाताच लिहिलेलं सगळं पुसलं जातं.

रंभाबाईनं तो क्रम जपासारखा घोकला. नळावर उभी असताना तेच, भाकरी थापताना तेच. दुपारी बाकीचे डबे उघडायचे तेव्हा ती चपला बाहेर काढून, दाराला पडदा लावलेल्या कॉम्प्युटरच्या खोलीत शिरायची. जानेवारीतही तिथं एसी घुमत असे. ती शाल घेऊन बसायची. शिपाई धोंडबा दारातून डोकावून म्हणायचा, “रंभाबाई, मंतर म्हनून मशीनची पूजा करून राहिल्या का?” तिला हसू येत नसे. मधेच कोणी बोललं की क्रम सुटायचा, आणि सुटला की ती मशीन बंद करून पुन्हा पहिल्यापासून धरायची.

एका दुपारी ती आत गेली तर मशीन आधीच सुरू. मशीनचा पडदा वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरलेला. उत्तराला घरून फोन आला म्हणून ती घाईनं मुकुंदरावांच्या केबिनमध्ये गेली होती. खुर्चीवर तिचा रुमाल तसाच होता.

रंभाबाई बसली, उठली, पुन्हा बसली. तिच्या क्रमात अशी जागाच नव्हती. बटण तर दाबलेलंच, फ्लॉपी तर घातलेलीच. मग आपण पाय टाकायचा कुठं? परत जावं तर दुपार वाया, आणि दिवस थोडे उरलेले. तिचा हात मशीनच्या मागं गेला आणि तिनं बटण बंद केलं. पडदा काळा झाला तसं तिला मोकळं वाटलं. मग बटण दाबलं, थांबली, फ्लॉपी, खिटी, नाव, नवं पान. त्या दिवशी कुठंच अडलं नाही. चरचर करत परिपत्रकाचा नमुना छापून बाहेर आला. तो कागद हातात धरून ती उभी होती, तोच उत्तरा आली.

“माझा अहवाल कुठं गेला?”

सकाळपासून उत्तरा संघाच्या वार्षिक सभेचा अहवाल लिहीत होती, आणि दुसऱ्यांना सेव्ह करा म्हणून सांगणारी ही पोरगी लिहिण्याच्या नादात स्वतःच विसरली होती. काय झालं ते रंभाबाईला हळूहळू उमगलं, तशी हातातल्या कागदाची तिला लाज वाटू लागली. उत्तरा रडली नाही. कळांवर बोटं ठेवून नुसती बसून राहिली.

तेवढ्यात मुकुंदराव अहवाल मागायला आले. रंभाबाई बोलणार, त्याआधीच उत्तरानं सांगितलं की सेव्ह करायचा राहून गेला, चूक माझी. ते खोटं नव्हतं आणि पुरतं खरंही नव्हतं. मुकुंदरावांनी रंभाबाईच्या हातातला कागद पाहिला. महिनाअखेरची वाट बघायची गरज नाही, म्हणाले, उद्या सकाळीच तुमचं काम पाहतो.

ते गेल्यावर रंभाबाई म्हणाली, “काहून सांगितलं नाही वं माहं नाव?”

“सेव्ह मी केलं नव्हतं ना. पण तुम्ही बंद तरी का केलंत?”

“मले मधून येत नाही. सुरुवातीपासूनच येते.”

आता मात्र उत्तराचा राग बाहेर पडला. “शेडमध्ये काय करत होतात मग? शेजारची बाई पाणी प्यायला उठली, की तिचा ढीग उधळून पहिल्यापासून लावत होतात?”

शेडचं नाव निघालं तशी रंभाबाईच्या तोंडावरचा रंग गेला. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग खाली बघूनच बोलली. “असं कोन करन? ढीग कोनाचा, कुठवर आला, ते पाहाचं. तिचं तिच्या बाजूले नीट सारून ठेवाचं. मंग आपलं सुरू कराचं.”

“मग तेच करायचं होतं,” उत्तरा म्हणाली, आणि अहवाल पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहू लागली.

संध्याकाळी रंभाबाईची भाकरी करपली. सकाळी ती ऑफिसात पोचली तेव्हा धोंडबा अजून झाडतच होता.

मुकुंदराव आले ते सरळ मशीनच्या खोलीत. उत्तरा लिहीतच होती. त्यांनी तिला आहे तसं टाकून बाहेर जायला सांगितलं आणि रंभाबाईसमोर एक मजकूर ठेवला: पेट्या भरताना तणस कोरडं वापरावं, अशी सभासदांना सूचना. “हे छापून द्या,” म्हणाले आणि हात मागं बांधून उभे राहिले.

पडद्यावर अर्धा अहवाल. रंभाबाईचा हात आपोआप मागं, बटणाकडं गेला. बोट टेकलंही. बटण दाबलं की सगळं सोपं होतं, सगळं पाठ होतं. दारात धोंडबाचा झाडू थांबला.

तिनं हात ओढून मांडीखाली दाबला. आधी पडदा पाहिला. शेवटची ओळ ‘मोवाड व जलालखेडा येथील सभासदांनी’ इथं तुटली होती. ढीग उत्तराचा. आला इथवर. तिनं दोन कळा एकदम दाबल्या. मशीन आतून खरखरलं, फ्लॉपीजवळचा लाल दिवा लागला. तो विझेस्तोवर ती हलली नाही. मुकुंदराव घड्याळ पाहत होते. मग तिनं ते पान मिटलं. आता समोर जे आलं ते तिच्या ओळखीचं होतं. जपातली मधली जागा. तिनं नवं पान उघडलं आणि आपलं लिहायला घेतलं.

कागद प्रिंटरमध्ये तिरपा बसला होता, म्हणून सूचना थोडी कलती छापली गेली. मुकुंदरावांनी ती वाचली, पुढच्या वेळी कागद सरळ लावा म्हणाले, आणि जाता जाता त्या दिवशीच्या टपालाचा गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला. नरखेडला आता दुसरं कोणीतरी बघावं लागेल, असं ते दाराबाहेर धोंडबाला म्हणाले ते तिला ऐकू आलं.

उत्तरा धावत आत आली. पडद्यावर आपला अहवाल नाही हे पाहून तिचा चेहरा पडला. रंभाबाई कळांकडं वळली. तिनं सूचनेचं पान ठेवून दिलं, मिटलं, आणि दुसरं उघडलं.

मोवाड व जलालखेडा येथील सभासदांनी.

“सोडलं होतं तिथंच हाय, पाह्य,” ती म्हणाली. “बस आता.”

उत्तरा खुर्चीत बसली. रंभाबाईनं हात पदरात गुंडाळले. त्या तुटलेल्या ओळीपुढं अक्षर कधी उमटतं ते पाहत ती मागं उभी राहिली.